अँप्लिफायरची पॉवर कॉर्ड बदलण्याआधी भिंतीकडे बघा

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने एक जुना, पण निगुतीने वापरलेला इंटिग्रेटेड अँप्लिफायर घेतला. दोन चॅनेल, प्रत्येकी ६० वॉट. आठवड्याभरात त्याचा फोन आला. "मामा, गाणं थांबलं की घूं घूं ऐकू येतं. बेसही ढिला वाटतोय. दुकानदार म्हणाला पॉवर कॉर्ड बदल, अठरा हजारांची आहे. घेऊ का?"

मी म्हटलं, "पैसे खिशात ठेव. रविवारी मीटर घेऊन येतो."

त्या रविवारी आम्ही काय तपासलं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितोय. क्रमाला महत्त्व आहे, कारण कॉर्ड हे विजेच्या प्रवासातलं शेवटचं दीड मीटर आहे. तिच्या मागची वायरिंग तपासायच्या आधीच लोक कॉर्डवर पैसे घालतात.

आधी हिशोब

बहुतेक घरगुती अँप्लिफायरमध्ये ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ३०-४० व्होल्ट करतो, रेक्टिफायर त्याचं डीसी करतो आणि ते मोठ्या फिल्टर कपॅसिटरांत साठतं. तबल्यावर थाप पडते तेव्हा स्पीकरला करंट मिळतो तो या कपॅसिटरांतून. घरातला नळ गच्चीवरच्या टाकीतून चालतो, तसंच. कॉर्डचं काम ही टाकी भरत राहण्याचं, सेकंदाला शंभर वेळा.

आता कॉर्डचा रेझिस्टन्स काढू. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. दीड मीटर कॉर्डमध्ये करंट जाऊन परत येतो, म्हणजे तीन मीटर तार. अँप्लिफायरसोबत येणारी साधी ०.७५ चौरस मिलिमीटरची कॉर्ड असेल तर ०.०७ ओहम. बोटाएवढी जाड, अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.०२ ओहम.

भाच्याचा अँप्लिफायर दोन्ही चॅनेलवर पूर्ण ताकदीने वाजला तर साधारण एक अँपिअर घेईल. साध्या कॉर्डमध्ये ०.०७ व्होल्ट पडतील, जाड कॉर्डमध्ये ०.०२. दोन्हींतला फरक २३० व्होल्टांमागे ०.०५ व्होल्ट. यावर एक रास्त आक्षेप घेतात: रेक्टिफायर करंट सलग घेत नाही, व्होल्टेजच्या शिखराजवळ झटक्याझटक्याने घेतो. बरोबर आहे. मग झटका आठ अँपिअरचा धरू. तरी फरक येतो सुमारे ०.४ व्होल्ट, आणि तो ३२५ व्होल्टांच्या शिखरावर. आवाजाच्या भाषेत एक शतांश डेसिबल. तयार कानाला अगदी शांत खोलीतसुद्धा पाव डेसिबलच्या आसपासचा फरक जेमतेम कळतो.

जाड कॉर्डच्या समर्थनार्थ 'स्किन इफेक्ट'चं नावही येतं, म्हणजे करंट तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो असं. ५० हर्ट्झला तांब्यात करंट पृष्ठभागापासून सुमारे ९ मिलिमीटर आतपर्यंत शिरतो. कॉर्डच्या आतल्या तारेची त्रिज्या मिलिमीटरभरही नसते, त्यामुळे करंट पूर्ण तारेतून वाहतो.

आणि त्याच कॉर्डच्या मागे काय आहे बघा. एमसीबीपासून हॉलमधल्या बोर्डापर्यंत पंधरा मीटर वायर, अडीच चौरस मिलिमीटरची धरली तरी जाऊन-येऊन ०.२ ओहम. मग मीटर, जिन्यातली केबल, सोसायटीचं पॅनेल, रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर. पुढे अँप्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी वाइंडिंग, तिचे स्वतःचेच काही ओहम. या सगळ्यात ०.०५ ओहम वाचवून आवाज बदलणार नाही. हे मी ठामपणे लिहितोय, कारण इथे मतभेदाला जागा नाही.

पण भाच्याची घूं घूं खरी होती. मलाही ऐकू आली. बेसही खरंच ढिला होता. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी पहिली: सॉकेट आणि अर्थिंग

२३० व्होल्टशी खेळ नको. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हा भाग वायरमनकडून करून घ्या आणि शेजारी उभे राहून आकडे लिहून घ्या. कागदावर तीन आकडे हवेत: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

पहिले दोन जवळजवळ सारखे यावेत. तिसरा एक-दोन व्होल्टांचा असावा. न्यूट्रल-अर्थमध्ये आठ-दहा व्होल्ट दिसले तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा त्यावर फार भार आहे. फेज-अर्थमध्ये शंभर-सव्वाशे असा अधांतरी आकडा आला तर त्या सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे काहीच जोडलेलं नाही, असं समजा. जुन्या घरांमध्ये हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. अँप्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तरी पहिला संशय अर्थिंगचाच.

मग पकड. थ्री पिन टॉप सॉकेटमध्ये घट्ट बसतो की लोंबतो? सगळ्या प्रकारच्या पिना सामावून घेणारी 'युनिव्हर्सल' सॉकेटं असतात, ती आमच्या पिनेला फार कमी जागी पकडतात. ऑडिओसाठी ती काढून आयएसआय मार्कचं साधं ६ अँपिअरचं थ्री पिन सॉकेट बसवा.

पकडीची परीक्षा इस्त्रीने होते. संशयित सॉकेटमध्ये एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड लावा, त्यात एका जागी मीटर, दुसऱ्या जागी हजार वॉटची इस्त्री. इस्त्री बंद असताना आकडा लिहा, चालू करून लिहा. इस्त्री घेते सुमारे ४.३ अँपिअर. भाच्याच्या सॉकेटवर २३१ चे २२५ झाले. सहा व्होल्ट भागिले ४.३, म्हणजे १.४ ओहम. दोन मिनिटांत पिन टॉप हाताला कोमट लागला. तेच त्याच एक्स्टेंशनने शेजारच्या सॉकेटवर केलं तर २३१ चे २२८, म्हणजे ०.७ ओहम.

म्हणजे ढिल्या सॉकेटच्या एका संपर्कात ०.७ ओहम अडकले होते. अख्ख्या साध्या कॉर्डच्या दहा पट. इस्त्री चालू असताना तिथे जवळपास तेरा वॉट उष्णता तयार होत होती, प्लॅस्टिकच्या आत. आवाज राहू दे बाजूला, ही आग लागायची तयारी आहे. मेन स्विच बंद करून सॉकेट बदललं.

पायरी दुसरी: व्होल्टेज किती आणि कसं

शहरात हा भाग चटकन उरकतो. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला व्होल्टेज लिहून ठेवा, २२०-२४० च्या आत असेल तर पुढे जा.

गावाकडे मात्र इथेच थांबायला हवं. रब्बीच्या दिवसांत विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० वर येणं नवलाचं नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अँप्लिफायरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग ०.६१. साठ वॉटचा अँप्लिफायर सदतीस वॉटचा होतो. दोन डेसिबल गेले. कॉर्डच्या एक शतांशाशी तुलना करा. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं तर आणखी बिघडतं, कारण हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात आणि तेही त्याच प्रमाणात खाली येतात. अशा ठिकाणी स्टॅबिलायझर घ्या, अँप्लिफायरच्या मागे लिहिलेल्या वॉटेजच्या किमान दुप्पट क्षमतेचा. एसएमपीएसवर (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालणाऱ्या नव्या अँप्लिफायरांपैकी बरेच कमी व्होल्टेज निमूट सोसतात. मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर स्टॅबिलायझरची गरज नाही.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर गाणं ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फारशी कोणी सांगत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मीटरवर २३० दाखवतो, पण त्याच्या लाटेचं शिखरही २३० च्या आसपासच असतं. साइन वेव्हचं शिखर असतं ३२५. अँप्लिफायरचे कपॅसिटर शिखरापर्यंत भरतात. म्हणजे स्क्वेअर वेव्हवर आतलं डीसी तीस टक्क्यांनी कमी आणि ताकद थेट निम्मी. वर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि स्पीकरमध्ये चरचर येते ती वेगळीच. संगीत ऐकायचं असेल तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या.

पायरी तिसरी: घूं घूं कुठून येते

इथे कान वापरायचा. घूं घूं दोन प्रकारची असते. ५० हर्ट्झची खोल, गोल, छातीत जाणवणारी. ती बहुधा अर्थ लूपची (उपकरणं दोन वेगळ्या अर्थना जोडली गेल्याने सिग्नलच्या तारेतून वाहणाऱ्या करंटची) किंवा तारेत शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राची. १०० हर्ट्झची जरा कर्कश, भुंग्यासारखी. ती रेक्टिफायरनंतरची, म्हणजे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाल्याची खूण. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना सोपं जाईल: दोन्ही पांढरी पाचच्या स्वराजवळ पडतात, एकमेकांपासून एका सप्तकाच्या अंतरावर.

मग असं करा:

१. व्हॉल्यूम शून्यावर न्या. घूं घूं तशीच राहिली तर दोष अँप्लिफायरच्या आत आहे, बहुधा कपॅसिटरांत. दुरुस्तीवाल्याकडे जा, कॉर्ड बदलून काही होणार नाही. व्हॉल्यूमबरोबर कमी-जास्त झाली तर पुढे चला.

२. अँप्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या सिग्नलच्या तारा काढा, पुन्हा चालू करा. शांत झाला? मग एक एक तार लावत जा, दर वेळी अँप्लिफायर बंद करून. ज्या तारेने आवाज परत आला तिथे दोषी सापडला.

३. सेट-टॉप बॉक्स असेल तर त्याची केबलवाल्याकडून आलेली गोल कोअॅक्स वायर उपटून बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा.

भाच्याकडे कोअॅक्स काढताक्षणी खोली शांत झाली. त्या केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण गच्चीवरच्या कुठल्यातरी अर्थला जोडलेलं होतं, अँप्लिफायर घराच्या अर्थला. दोन्हींमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक, आणि तो फरक सिग्नलच्या आवरणातून वाहत स्पीकरमध्ये ऐकू येत होता. उपाय: सेट-टॉप बॉक्सकडून आवाज ऑप्टिकल केबलने घ्या. तिच्यातून उजेड जातो, करंट जातच नाही, म्हणून लूप तुटतो. अँप्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा) किंवा सिग्नलच्या तारेत बसणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. शिवाय सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवा.

एक गोष्ट कधीही करू नका: थ्री पिन टॉपची अर्थची पिन काढणं किंवा टू पिन अडॅप्टर लावणं. घूं घूं जाते, हे खरं. पण उद्या आत फेजची तार पत्र्याला टेकली तर एमसीबी पडणार नाही आणि वीज वाट बघेल ती हात लावणाऱ्याची. लहान मुलं असलेल्या घरात मी हे केलेलं पाहिलंय आणि ते पाहून अंगावर काटा आला होता.

पायरी चौथी: कॉर्ड कशी आहे यापेक्षा ती कुठून जाते

कॉर्डने आवाजावर परिणाम होतो अशी एक जागा खरंच आहे, आणि तिथे किमतीचा संबंध नाही. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुईच्या हालचालीचा सिग्नल करणाऱ्या भागातून) जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट निघतात. तो वाढवणारी फोनो स्टेज त्यातले खालचे स्वर आणखी वर उचलते, आणि ५० हर्ट्झ नेमकं त्या पट्ट्यात येतं. पॉवर कॉर्ड जर टर्नटेबलच्या तारेला चिकटून मीटरभर धावत असेल तर घूं घूं येणारच.

पॉवरच्या तारा एका बाजूने, सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्या. किमान एक फुटाचं अंतर. ओलांडणं भाग असेल तिथे काटकोनात ओलांडू द्या. जास्तीच्या कॉर्डचं वेटोळं करून अँप्लिफायरमागे कोंबू नका. शील्ड असलेली कॉर्ड या बाबतीत थोडी मदत करते, ते मान्य. पण तीच मदत फूटभर अंतर फुकट करतं. टर्नटेबल अँप्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला ठेवू नका, ही त्याहून मोठी सूचना.

पायरी पाचवी: कॉर्ड खरोखरच वाईट असेल तर

वाईट कॉर्ड असतात. स्वस्त एक्स्टेंशन आणि जुन्या कॉम्प्युटरच्या कॉर्डमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम किंवा लोखंड सापडतं. तारेच्या कापलेल्या टोकाला लोहचुंबक लावा. चिकटला तर ती कॉर्ड भंगारात द्या. अर्धा तास गाणं वाजवून कॉर्ड आणि पिन टॉप हाताने चाचपा. काहीही गरम लागता कामा नये.

नवीन घ्यायची तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागा: तीन कोअरची, एक स्क्वेअर एमएम, दीड मीटर, ओतीव पिन टॉपवाली, वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ छापलेली. मोठ्या पॉवर अँप्लिफायरला दीड स्क्वेअर घ्या. मागचं सॉकेट नेहमीचं सी १४ असेल तर कॉर्डचं टोक सी १३ लागतं, ते १० अँपिअरपर्यंत चालतं; चौकोनी मोठं सी २० असेल तर सी १९ आणि भिंतीकडे १६ अँपिअरची पिन. काही शे रुपयांत काम होतं.

स्वतः बनवत असाल तर तीन सूचना. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. पण भिंतीतल्या थ्री फेज वायरिंगमध्ये निळी हीसुद्धा फेज असू शकते, रंगावर विसंबून तिथे हात घालू नका. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. शिसं-कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि वर्षभरात स्क्रू ढिला होतो. त्याऐवजी लग (तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून बसवा. आणि पिन टॉपच्या आत अर्थची तार बाकी दोन्हींपेक्षा बोटभर लांब ठेवा, म्हणजे कॉर्डला हिसका बसला तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटेल.

तारेची जाडी खरोखर कुठे ऐकू येते, तर गणेशोत्सवाच्या मांडवात. पन्नास मीटर लांब, एक स्क्वेअरची वायर, त्यावरच पीए (लाउडस्पीकरचा) अँप्लिफायर आणि त्यावरच पाचशे वॉटचे दोन हॅलोजन. वायरचा रेझिस्टन्स १.७ ओहम, करंट दहा अँपिअर: सतरा व्होल्ट वाटेतच गेले, आणि ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हॅलोजन मिचमिचतो. कार्यकर्त्यांनो, अडीच किंवा चार स्क्वेअरची वायर टाका, दिव्यांची लाईन वेगळी करा, रीळवरची वायर पूर्ण उलगडा कारण गुंडाळलेली वायर तापते. शक्य असेल तर अँप्लिफायरच मीटरजवळ ठेवा आणि कर्ण्यांपर्यंत १०० व्होल्ट लाईन (जास्त व्होल्टेज, कमी करंटने आवाज नेणारी स्पीकरची तार) न्या. माझ्या ओळखीच्या एका मंडळात इतकंच केलं आणि आरतीच्या वेळी फाटणारा आवाज स्वच्छ झाला.

पायरी सहावी: डोळ्यांना बाजूला ठेवून ऐका

एवढं करूनही महागडी कॉर्ड ऐकून बघायची असेल, कोणी उसनी देत असेल, तर जरूर ऐका. पण आधी जुनीच कॉर्ड काढून परत लावा आणि ऐका. पिना घासल्या जाऊन संपर्क सुधारतो, आणि त्याचं श्रेय नव्या कॉर्डला जातं. शिवाय कॉर्ड बदलून परत बसताना खुर्ची वीतभर सरकली तरी खोलीतला बेस बदलतो. खुर्चीच्या पायांना खडूने खूण करा.

मग घरातल्या कोणाला तरी अँप्लिफायरमागे बसवा. त्यांनी नाणं उडवून ठरवायचं: छापा आला तर साधी कॉर्ड, काटा आला तर महाग. तीच कॉर्ड पुन्हा आली तरी काढून लावायची, म्हणजे खडखडाटावरून कळणार नाही. तुम्ही खोलीबाहेर थांबायचं, आत येऊन एकच परिचित तुकडा दोन मिनिटं ऐकायचा, उत्तर लिहायचं. असं सोळा वेळा, हवं तर दोन दिवसांत. सोळापैकी बारा बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणजे दखल घ्यायला हवी. आठ-नऊ आले तर ते नाणंच बोललं.

२००४ साली अमेरिकेत अनुभवी श्रोत्यांना बसवून पॉवर कॉर्डची अशी झाकून चाचणी घेतली होती, साधी कॉर्ड विरुद्ध अतिशय महाग. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, ४९ टक्के. ते श्रोते खोटं बोलत नव्हते. ज्यांना फरक ऐकू येतो ते मनापासूनच सांगतात, कारण समोर जाडजूड कॉर्ड दिसत असली की मेंदू तिच्यासकट ऐकतो. म्हणून तर डोळे झाकायचे.

भाच्याने चाचणी केली नाही. सॉकेट बदललं, कोअॅक्सचा प्रश्न ऑप्टिकलने सोडवला, आणि ढिला बेस? एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या होत्या, एक कोन पुढे तर दुसरा मागे. त्या सरळ केल्या आणि पखवाजाला वजन आलं. वायरमनला धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत. अजून एक कुरकुर शिल्लक आहे: रात्री शेजारी हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावला की त्याच्या अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, स्पीकर नाही. ते मेनमध्ये शिरणाऱ्या थोड्याशा डीसीमुळे होतं, आणि त्यासाठी पुढच्या रविवारी एक डीसी ब्लॉकर बसवणार आहोत.